किल्लारीचा खडक देगलूरला भेटतो

लातूरहून माहूरला मोटारीने जायचे म्हटले की बहुतेकांचा रस्ता ठरलेला असतो. अहमदपूर, लोहा, नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरायचा आणि नांदेडहून पुढे माहूर गाठायचे. अंतर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. सकाळी न्याहारी उरकून निघालेले कुटुंब दुपारच्या चहाला गडाच्या पायथ्याशी असते. ज्याला दर्शन घेऊन परत यायचे आहे, त्याच्यासाठी यात काहीच वावगे नाही. पण ज्याला प्रवासच करायचा आहे, गाडीच्या काचेतून मुलूख बघायचा आहे, त्याच्या हाती या रस्त्यावर फारसे काही लागत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच शेते, सारखेच ढाबे, सारखेच दुभाजक. मग 'मराठवाड्यात बघण्यासारखे आहेच काय' हा जुना शेरा मारून माणसे कोकणाकडे वळतात. या प्रकरणाचे म्हणणे असे की दोष मुलखाचा नाही, आखणीचा आहे. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतली निसर्गशोभा एखाद्या ठिकाणी साठून राहिलेली नाही, ती बदलात आहे. खडक बदलतो, माती बदलते, नदीची दिशा बदलते, गुरांचा रंग बदलतो, बोली बदलते. हे बदल दिसावेत अशा क्रमाने आणि अशा वेळी रस्ता आखला तर पाचशे किलोमीटरांत एवढे पालटणारे चित्र महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळेल. त्यासाठी नकाशावर आधी रस्ते बघायचे नाहीत, आधी उतार बघायचा.

उताराची गोष्ट आकड्यांतच स्पष्ट होते. लातूर शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, साधारण ३६० मीटरांवर. म्हणजे दोन शहरांमध्ये अडीचशे मीटरांचा उतार आहे, पण महामार्गाने तो सुमारे १४० किलोमीटरांत असा पसरवून टाकला आहे की गाडीतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. हे पठार काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर बसत गेल्याने डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि म्हणूनच या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी पायरी किंवा जिना हा अर्थ आहे. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर एक-दीड किलोमीटर जाड आहेत. पूर्वेकडे ते पातळ होत जातात. १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ खडक लागला. हाच अतिप्राचीन, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला उघड्यावर आलेला आहे. किल्लारीला ज्याच्यासाठी तीनशे मीटरांवर भोक पाडावे लागते, त्यावर देगलूरकडे शेरडे चरतात. या प्रवासाचा कणा हाच.

दुसरा धागा पाण्याचा. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून आग्नेयेला वाहते, कर्नाटकात बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते आणि तिथे वळण घेऊन चक्क उत्तरेला निघते. पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला येऊन कंदकुर्तीजवळ ती गोदावरीला मिळते. सातशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून ती शेवटी जिथे पोचते, ते ठिकाण नांदेडच्या बिलोली-धर्माबाद या तालुक्यांना अगदी खेटून आहे. लातूरच्या शेतातले पावसाचे पाणी अशा रीतीने भला मोठा वळसा घालून नांदेडवरून आलेल्या पाण्यात मिसळते. उत्तरेची पैनगंगा तिसरीच चाल खेळते. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरून ती पूर्वेला जाते, वर्धेला मिळते, आणि वर्धा-प्राणहिता करत तिचेही पाणी गोदावरीतच उतरते. म्हणजे लातूर ते माहूर हा सगळा प्रवास एकाच नदीच्या खोऱ्यातला आहे, फक्त तीन वेगवेगळ्या उतारांवरून. मांजरेचा उतार, गोदावरीचे पात्र, पैनगंगेचा काठ अशा क्रमाने गेले की मुलूख आपोआप उलगडतो. महामार्ग हे तिन्ही उतार कमीत कमी वेळात ओलांडतो. आपल्याला ते उतरायचे आहेत.

म्हणून लातूर सोडताना उत्तरेला न वळता दक्षिणेला औशाकडे निघावे. अंतर जेमतेम २० किलोमीटर. औशाचा बहामनी काळातला भुईकोट किल्ला पठार म्हणजे काय हे शिकवतो. किल्ला म्हटला की मराठी मनात डोंगराचा सुळका येतो. इथे डोंगरच नाही. उलट किल्ला खोलगट जागी बसवला आहे. भोवतालचा माळ त्याच्यापेक्षा उंच, त्यामुळे लांबून येणाऱ्या फौजेला तो सहज दिसत नाही, पण त्याच्या उंच बुरुजावरून मात्र चारी दिशांची हालचाल टिपता येते. सह्याद्रीत जे काम उंचीने केले, ते पठारावर खोलीने केले आहे. पुढे खरोशाची लेणी लागतात. टेकडीच्या पोटात खोदलेली ही शैव-वैष्णव शिल्पांची लेणी साधारण सहाव्या शतकातली मानली जातात. औशाच्याच तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास आलेल्या भूकंपात या भागात हजारो माणसे गेली, त्याचे मोठे कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे हे होते. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी हीच रचना त्या पहाटे अंगावर आली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आखीव गल्ल्यांची, एकसारख्या घरांची ही गावे आणि त्यांच्या जुन्या जागा एकाच दिवसात पाहणे हे सहलीच्या रूढ कल्पनेत बसत नाही, पण मुलूख समजून घेण्यात नक्की बसते. फक्त तिथे जाताना कॅमेरा आधी आणि माणूस मागे असे होऊ नये.

औशाहून निलंग्याकडे वळले की काळ्या मातीचे राज्य सुरू होते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या पट्ट्यावर गाडी होडीसारखी डुलू लागली की दोष गाडीच्या स्प्रिंगांचा नसून खालच्या मातीचा आहे हे ओळखावे आणि वेग उतरवावा. निलंग्यात नीलकंठेश्वराचे चालुक्य शैलीचे देऊळ आहे, आणि भूक लागली तर हातगाड्यांवरचा तो तिखटसर भात आहे जो आता गावोगावी 'निलंगा राईस' या नावाने विकला जातो. याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकाच तालुक्यातल्या दोन गावांची नावे मालाच्या गुणावर नोंदली जावीत यातच जमिनीची जात कळते. निलंग्याहून देवणीकडे जाताना मांजरा ओलांडावी लागते. नदी ओलांडली की रस्त्याकडेच्या गुरांकडे लक्ष ठेवावे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला देवणी वळू ही याच तालुक्याच्या नावाची जात. इथून उत्तरेला कंधारकडे गेले की ठिपके संपतात आणि गडद लाल रंगाची कंधारी गुरे दिसू लागतात. थोड्याच अंतरात दोन नामांकित गोवंश. रस्त्याच्या पाट्या वाचता न येणाऱ्यालाही आपण कुठे आलो हे इथे गुरे सांगतात.

पहिला मुक्काम उदगीरला करावा. पठाराचा हा पूर्वेकडचा टोकाचा भाग, आणि इथली तांबूस जमीन शेजारच्या बीदरच्या जांभ्याशी नाते सांगते. इथला बहामनी किल्ला औशाच्या अगदी उलट वृत्तीचा आहे. पठाराच्या तुटलेल्या कडेचा त्याने पुरेपूर उपयोग केला आहे. एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला दरी. १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो उदगीर-औसा या पट्ट्यातच, आणि त्या विजयाच्या जोरावरच पुढच्या वर्षी पानिपतावर ते सेनापती म्हणून उभे होते. सैन्यांनी हाच पट्टा का निवडला याचे उत्तर किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की मिळते. तोफा आणि बैल घेऊन चालणाऱ्या फौजेला सपाट पठार आणि पाण्याची सोय हवी. दोन्ही इथे होते. उदगीर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, त्यामुळे इथल्या बोलण्यात कानडी आणि दखनी सहज मिसळते. दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूरची वाट धरली की पठार संपते. उतरणीनंतर काळा कातळ मागे पडतो आणि माळावर गोल, फुगीर, एकावर एक रचल्यासारखे दगड दिसू लागतात. बेसाल्ट थरांनी फुटतो, त्याला कोपरे असतात. ग्रॅनाइट झिजतो तो कांद्यासारखा, पापुद्रे सुटत. त्यामुळे त्याचे कोपरे जातात आणि गोळा उरतो. मातीही बदलते: काळ्या चिकण मातीऐवजी तांबूस, रेताड, बोटांतून सुटणारी. एका हातात ही माती आणि दुसऱ्या हातात निलंग्याची माती घेऊन बघावी. भूशास्त्राचा धडा तेवढ्यात होतो. देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरांचा समूह आहे. जुन्या काळी पोट्टलनगरी म्हणून नावाजलेले हे गाव आज महामार्गावरून जाणाऱ्या हजारो गाड्यांच्या लेखी एक पाटी आहे.

देगलूरहून नांदेड साधारण ८० किलोमीटर, नायगाववरून, हैदराबादकडून येणाऱ्या महामार्गाने. या टप्प्यात रुंद रस्ता घ्यायला हरकत नाही. उतार उतरून झालेला आहे, आता गोदावरीची सपाटी आहे आणि अंधाराआधी पोचणे महत्त्वाचे. नांदेडला पूर्ण दिवस ठेवावा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी इथे देह ठेवला; आजचे सचखंड हुजूर साहिब महाराजा रणजितसिंहांनी १८३०च्या दशकात बांधवले. पंजाबातल्या राजाने गोदावरीकाठी बांधलेली ही वास्तू पाहिली की प्रवास म्हणजे आपणच कुठेतरी जाणे ही समजूत गळून पडते. इथे पूर्वीच कोणीतरी दोन हजार किलोमीटरांवरून आलेले आहे आणि लंगरच्या पंगतीत अजूनही येते आहे. शहराला लागूनच विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावाने शंकरसागर म्हणून ओळखला जाणारा हा जलाशय नदीचे पाणी उपसून उंचावरच्या जमिनीला देतो. म्हणजे जो उतार आपण दोन दिवस उतरलो, त्याच्या उलट दिशेने इथे पाणी चढवले जाते.

नांदेडनंतरचा टप्पा सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत देखणा. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत सहस्रकुंडाला जावे, मग किनवट, तिथून उनकेश्वर आणि संध्याकाळी माहूर. अंतर दोनशे किलोमीटरांच्या पुढे जाते आणि रस्ता बहुतांशी जंगलातून. ताशी ३५ किलोमीटरांचा हिशेब धरला तरी सहा तास चाक फिरणार, थांबे वेगळे. म्हणून सकाळी सातला नांदेड सोडलेच पाहिजे. भोकरच्या पुढे शेते विरळ होतात आणि सागवान सुरू होतो. पावसाळ्यात पांढऱ्या फुलोऱ्याने लगडणारा सागवान दसऱ्यानंतरही हिरवा असतो. त्याची परातीएवढी पाने रस्त्यावर सावली धरतात. पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते, अर्धी नांदेडची, अर्धी यवतमाळची. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या धबधब्याच्या वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. धारांचा जोर पावसावर जितका, तितकाच धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून. चित्रात पाहिलेला धबधबा आणि आपल्याला दिसणारा धबधबा एकच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि पाणी कधी वाढेल याचीही. कातळावर उतरायचे नाही हा नियम घरून निघतानाच करून ठेवावा. पुढे किनवटच्या पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध यांची गावे आणि बंजारा तांडे लागतात. मराठीला तेलुगू आणि गोंडीचा शेजार मिळतो. उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. आणि शेवटी माहूर: रेणुकेचे ठाणे, दत्तशिखर, अनसूया, जुना रामगड किल्ला आणि घाटाखाली पैनगंगा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून सगळे इथे येतात. पण पठार, ग्रॅनाइट आणि गोदावरी ओलांडून आलेल्याला हे डोंगर डोंगर म्हणून दिसतात, कारण मधले चारशे किलोमीटर त्याने सपाटी आणि उतार पाहिलेला असतो.

आता वेळ कोणती? चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो आणि मुलूख भाजून निघतो. ऐन पावसाळ्यात हिरवळ असते पण आतल्या रस्त्यांवर कमी उंचीचे नळकांडी पूल आहेत. ओढ्याला पाणी आले की ते बुडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्याच मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावे पाण्याखाली नेली, ते विसरण्याइतके जुने झालेले नाही. पौष-माघात हवा छान, करडई फुललेली, पण तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाची टोके बाहेर आलेली, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी. अंधारात अशा ट्रॉलीवर आदळून दरवर्षी माणसे मरतात. फाल्गुनात किनवटकडे पळस पेटतो, पण सहस्रकुंड आटू लागलेले असते आणि सागवान उघडा पडलेला असतो. नवरात्रात माहूरचा घाट माणसांनी भरतो, राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला आणि दत्तजयंतीलाही तेच. सगळे वजा करत गेले की दसरा ते दिवाळी हे वीस दिवस उरतात. पाऊस ओसरलेला, नद्या वाहत्या, पूल उघडे, बहुतेक कारखान्यांची धुराडी अजून पेटायची, नवरात्राची गर्दी परतलेली, बालाघाटची सीताफळे बाजारात. एक अडचण याही दिवसांत आहे. सोयाबीनची काढणी चालू असते. शेतात बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लागलेली असते, मळणी यंत्रे रस्त्याकडेला उभी असतात आणि मळलेले दाणे डांबरावर वाळत घातलेले असतात. त्या दाण्यांवरून ब्रेक मारला की चाके घसरतात. पण त्यावर शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे खळे नाही आणि ओला माल बाजारात पडत्या भावाने जातो. वेग कमी करणे आपल्या हातात आहे. पाऊस थांबवणे त्याच्या हातात नाही.

या आखणीवर पहिला आक्षेप उघड आहे: दोनशे किलोमीटर जास्त, रस्ते अरुंद, पेट्रोल जास्त, कंबर दुखणार ती वेगळीच. हिशेब मांडून बघू. सरळ रस्त्याने साधारण पाच तास, या रस्त्याने तेरा तास. म्हणजे चार दिवसांत मिळून आठ तास अधिक, दिवसाला सरासरी दोन तास. सुट्टी घेऊन निघालेल्या माणसाला दिवसाला दोन तास जड व्हावेत तर त्याने निघूच नये. रस्त्यांबाबतचा आक्षेप अधिक खरा आहे. जिल्हा मार्ग एखाद्या वर्षी सुरेख असतात, पुढच्या पावसाळ्यानंतर खड्ड्यांचे. त्यावर उपाय दोन. एक, प्रत्येक टप्प्याला महामार्गावर परतायची वाट आधी बघून ठेवणे. उदगीरहून, देगलूरहून, भोकरहून ती आहे. दोन, रस्त्याची चौकशी मोबाइलकडे न करता फाट्यावरच्या चहावाल्याकडे करणे. नकाशातला रस्ता गेल्या वर्षीचा असू शकतो. चहावाल्याचा कालचा असतो. तेल तालुक्याच्या गावीच भरून घ्यावे, किनवटच्या जंगलात रेंज जाते म्हणून नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, आणि दिवेलागणीनंतर गाडी चालवू नये. या तीन गोष्टी पाळल्या तर अरुंद रस्त्याचा धोका रुंद रस्त्यापेक्षा जास्त राहत नाही. अपघाताला रुंदीपेक्षा वेग जबाबदार असतो.

दुसरा आक्षेप काळाच्या ओघाचा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे. सुमारे आठशे किलोमीटरांचा हा रस्ता माहूर आणि तुळजापूर जोडणार, मराठवाड्यातून जाणार. तो झाला तर या आडवाटा कोण धरणार? या महामार्गाला जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, त्याचा निकाल या प्रकरणात लागणार नाही. पण असा रस्ता झालाच, तरी इथल्या युक्तिवादाला धक्का लागत नाही, उलट बळ मिळते. द्रुतगती रस्ता भराव घालून, डोंगर कापून उतार पुसतो, कारण वेगाला सपाटी लागते. जितका रस्ता चांगला तितका मुलूख कमी दिसतो, हे त्याच्या बांधणीतच आहे. म्हणून दोन्ही रस्ते लागतात. परतीला महामार्ग वापरावा. माहूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर एका दिवसात होते. वेळ असेल तर फक्त कंधारला वाकडी वाट करावी. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा तिथला पाणीभरला खंदक आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव पाहून घ्यावा. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवत आणि ती लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर मानले जाते. निघालो तिथलेच नाव परतीच्या वाटेवर असे पुन्हा भेटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हौसेने फिरायला जाणे शोभते का? शोभते, पण अटींवर. तहानलेल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात जाऊन लॉजच्या नळाखाली तासभर आंघोळ करणे शोभत नाही; म्हणूनही दसऱ्यानंतरचे दिवस सुचवले आहेत, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. दुसरी बाजूही आहे. दुष्काळाच्या बातम्यांनी या मुलखाचे एकच चित्र देशभर गेले, भेगाळलेल्या जमिनीचे. ती भेग काळ्या मातीची आहे, तीच माती ऑक्टोबरात पाणी धरून असते आणि तूर तिच्यावरच उभी असते, हे तिथे जाऊन पाहिल्याखेरीज कळत नाही. प्रवाशाने खर्च केलेला पैसा निलंग्याच्या हातगाडीवर, उदगीरच्या खानावळीत, किनवटच्या किराणा दुकानात पडला तर तो तिथेच फिरतो. महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये पडला तर तो तिथून निघून जातो. आडवाटेने जाण्याचे हे आणखी एक कारण, आणि कदाचित सर्वांत व्यवहाराचे.

तेव्हा नियोजन इतकेच. पहिली रात्र उदगीर, दुसरी आणि तिसरी नांदेड, चौथी माहूर, पाचव्या दिवशी परत. रोज सकाळी सातला निघणे, सहाच्या आत मुक्कामी पोचणे. गाडीत स्टेपनी तपासलेली, पिण्याचे पाणी घरचे, आणि काचेच्या दोन रिकाम्या बरण्या: एक निलंग्याच्या मातीसाठी, एक देगलूरच्या. घरी परतल्यावर कोणी विचारलेच की मराठवाड्यात बघण्यासारखे आहे काय, तर त्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. दसरा झाला की निघा.